पीएचडी करायचीये (इतिहास). गाईड कसा शोधू? सीएचबी (तासिका तत्त्वावरची नोकरी) सोडू का?

तुरीचं_वरण:
नमस्कार मंडळी, इथे दोन वर्षं नुसतीच वाचतेय, धागा पहिल्यांदा काढतेय. लांबलंय, सांभाळून घ्या.

मी परभणी जिल्ह्यातली, वय २६, एम.ए. इतिहास. सेट झाली, नंतर नेटही निघाली (दोन्ही प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षा) पण जेआरएफ (नेटमधून मिळणारी संशोधनाची फेलोशिप) थोडक्यात हुकली. दोन वर्षं तालुक्याच्या एका कॉलेजात सीएचबीवर आहे. कागदावर आठवड्याला नऊ तास, प्रत्यक्षात एनएसएसचा कॅम्प, परीक्षेचं सुपरव्हिजन, नॅकच्या (कॉलेजच्या मूल्यांकनाच्या) फायली, सगळं आमच्याच गळ्यात. मागच्या वर्षीचं मानधन दिवाळी होऊन गेल्यावर आलं, तेही दोन हप्त्यांत.

आता पीएचडी. मला एम.ए.ला शिकवणारे सर म्हणतात ये, जागा आहे, "मराठवाड्याचा आर्थिक इतिहास" असा विषय टाकून देऊ. सर स्वभावाने चांगलेत. पण मला मनातून निजामकाळातल्या बाजारपेठांवर काम करायचंय, आमच्या आजोबांची सेलूच्या मोंढ्यात अडत होती, लहानपणापासून त्याच गोष्टी ऐकल्यात. तर सरांकडेच नाव टाकू, की पुणे/हैदराबादला प्रयत्न करू? सीएचबी चालू ठेवून जमतं का? आणि घरी स्थळं बघणं सुरू झालंय, तो वेगळाच पेपर.

एसटीचा_पास:
ताई, मी पाचव्या वर्षाला आहे (समाजशास्त्र), त्यामुळे कडू बोललो तर राग मानू नकोस. विद्यापीठ दुय्यम, विषय तर त्याहून दुय्यम, पहिला गाईड बघ. आणि गाईड "स्वभावाने चांगला" हे काही क्वालिफिकेशन नाही, माझे गाईडही स्वभावाने फार चांगले होते, इतके चांगले की दोन वर्षं माझा पहिला चॅप्टर त्यांच्या टेबलावर त्याच जागी पडून होता आणि मी गेलो की चहा मागवायचे.

एक काम कर. शोधगंगावर (थिसिस ठेवलेली वेबसाइट) जा, सरांचं नाव टाक, त्यांच्याकडून किती थिसिस बाहेर पडले ते बघ. मग त्यातले दोन-तीन उघडून चाळ. सगळ्यांची प्रकरणं एकाच साच्यातली असतील (प्रस्तावना, भौगोलिक पार्श्वभूमी, ऐतिहासिक पार्श्वभूमी, मग कुठे दीडशेव्या पानावर विषय सुरू) तर समजून जा. ऋणनिर्देश तर नक्की वाच. सरांच्या सौभाग्यवतींचे आणि चिरंजीवांचे आभार किती ओळींत आहेत त्यावरून पोरांनी तिथे काय काय कामं केली असतील ते कळतं.

मग सध्याच्या स्कॉलर लोकांना गाठ. डिपार्टमेंटमध्ये नाही, बाहेर टपरीवर. "सर कसे आहेत" विचारलंस तर छान आहेत असंच सांगतील. विचारायचं असं की तुम्ही शेवटचं लिहून कधी दिलं आणि परत कधी मिळालं.

भुईमूग:
+१ टपरी

खडू_फळा:
मुली, तीस-एक वर्षं शिकवून निवृत्त झालोय, काही वर्षं आरआरसीवरही (पीएचडीला मान्यता देणाऱ्या समितीवर) होतो, म्हणून नियमापुरतं सांगतो. तुझे सर कधी रिटायर होतात ते आधी विचार. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे ज्यांची तीन वर्षांपेक्षा कमी नोकरी उरलीये त्यांना नवे विद्यार्थी घेता येत नाहीत. आणि साडेतीन वर्षं उरलेला गाईड मिळाला तरी तुझं काम अर्ध्यावर असताना ते निघून जाणार, मग गाईड बदलाचे अर्ज, एनओसी, समितीच्या बैठकीची वाट बघणं. मी लोकांची वर्षं यात गेलेली बघितलीत.

दुसरं, जागा आहे म्हणजे नेमकी किती? प्रोफेसरला एका वेळी आठ, असोसिएटला सहा, असिस्टंटला चार एवढेच विद्यार्थी चालतात. तोंडी "जागा आहे" नको, विद्यापीठाच्या व्हेकन्सीच्या यादीत नाव दिसलं पाहिजे.

मुदत कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा, त्यात कोर्सवर्क आलंच. पुढे रि-रजिस्ट्रेशन करून दोन वर्षं मिळतात, महिलांना आणखी दोन. मातृत्व आणि बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजाही आहे. स्थळांचं लिहिलंस म्हणून सांगितलं. ही सवलत नाही, तुझा हक्क आहे, पण अर्ज वेळेत केला तरच.

आणि प्रत्येक कागदाची पोच घ्यायची. सहामाही प्रोग्रेस रिपोर्ट, फीची पावती, टायटल बदलाचा अर्ज, सगळ्यावर आवक-जावकचा शिक्का मारून एक प्रत आपल्याकडे. थिसिस सबमिट करताना खिडकीवरचा माणूस तिसऱ्या वर्षाची पावती मागतो तेव्हा गाईड कामाला येत नाही, झेरॉक्स येते.

भुईमूग:
सीएचबीबद्दल मी बोलतो, मला नऊ वर्षं झालीत. सोड.

बरं, थोडं सविस्तर. आपल्याला वाटतं शिकवत राहिलो तर कॉलेजात पाय रोवला जाईल, जागा निघाली की आपलाच विचार होईल. नाही होत. मी जिथे होतो तिथे सहा वर्षांनी जागा निघाली, इंटरव्ह्यूच्या आधी एका गृहस्थाने चहा पाजून आकडा सांगितला. आमची शेती विकून त्याच्या निम्मे आले असते. ज्याने भरले तो आज रुजू आहे, मला भेटला की दादा म्हणतो. सगळीकडे असंच आहे असं नाही म्हणत, माझे दोन मित्र एक रुपया न देता लागलेत. पण लेव्हल १० चं ५७,७०० बेसिक डोळ्यासमोर ठेवून तासिकेवर तिशी घालवू नकोस. जुलै २०२३ पासून असिस्टंट प्रोफेसरच्या भरतीला नेट/सेट पुरेशी आहे, पीएचडीची सक्ती नाही, त्यामुळे रांग आणखी लांब झालीये.

पीएचडी करायची तर पूर्णवेळ कर आणि पैशाची सोय आधी लाव.

रसायनी:
मी सांगलीची, केमिस्ट्री, सध्या जर्मनीत पोस्टडॉक. भुईमूगदादांचं वाचून वाईट वाटलं, पण इथेही सगळं गोड नाही हं. पीएचडी इथे नोकरी असते, करार, पगार, रजा, आजारपणाचा विमा. पण कायम नोकरी मिळेपर्यंत एकामागून एक तात्पुरते करार, आणि त्यालाही कायद्याने मर्यादा, साधारण सहा वर्षं पीएचडीआधी आणि सहा नंतर. मग प्रोफेसर झालात तर झालात, नाहीतर टाटा. माझी त्यातली चार संपली. त्यामुळे "बाहेर जा, तिकडे सगळं छान" हे मी तरी कुणाला सांगत नाही.

वरणताई, जेआरएफला परत बसा. मर्यादा ३० ची असली तरी मुलींना पाच वर्षं सवलत आहे. नेट वर्षातून दोनदा होते. महिना ३७,००० म्हणजे घरच्यांशी बोलायला सुद्धा वेगळा आवाज येतो.

तुरीचं_वरण:
@रसायनी आवाजाचं अगदी पटलं 😅
@खडू_फळा सर, पोचेचं कुणीच सांगितलं नव्हतं. आमचे सर बहुतेक ५७ चे आहेत पण नक्की विचारते. बार्टी, सारथी, महाज्योती (फेलोशिप देणाऱ्या सरकारी संस्था) यातलं मला महाज्योती लागू होतं, पण ओळखीतले म्हणतात पैसे कधी येतील त्याचा भरवसा नाही. खरंय का?

एसटीचा_पास:
फेलोशिप मिळते, पण जाहिरात कधी निघेल, यादी कधी लागेल, पहिला हप्ता कधी पडेल हे कुणी सांगू शकत नाही. आमच्या बॅचची पोरं त्यासाठी पुण्यात उपोषणाला बसली होती. जाहिरात आली की भर, पण त्याच्या जिवावर खोली भाड्याने घेऊ नकोस. निदान आठ-दहा महिने काढता येतील एवढे पैसे बाजूला असू देत.

मोडीवाली:
कुणी विषयाबद्दल बोलतच नाहीये, म्हणून मी.

"मराठवाड्याचा आर्थिक इतिहास" हा विषय नाही हो, ती लायब्ररीतली एक मांडणी आहे. त्यावर काम करायला लागलीस तर सहा वर्षं गॅझेटियर उतरवून काढशील. तुझ्या आजोबांची अडत मात्र विषय आहे. मनमाडहून हैदराबादला जाणारी गोदावरी व्हॅली रेल्वे १९०० च्या आसपास सुरू झाली, त्यानंतर जालना, सेलू, परभणी या कापसाच्या पेठा कशा वाढल्या, जिनिंग कुणी टाकल्या, पैसा मुंबईचा होता का, आधीचे आठवडी बाजार कुठे गेले... एवढ्यात सेलू एकटं घेतलंस तरी एक थिसिस होतो. लहान घे गं. लहान घेतलं की खोल जाता येतं.

आता अडचण. निजामाचं दप्तर मराठीत नाही. आधी फारसी, मग उर्दू, आणि बराचसा कागद हैदराबादला तारनाक्याच्या स्टेट आर्काइव्हजमध्ये. मी पेशवाईवर काम करते, पुण्याच्या पेशवे दफ्तरात, तिथे हजारो रुमाल (कागदांची गाठोडी) आहेत आणि ते बहुतेक मोडीत. पहिले सहा महिने मला दिवसाला एक पान लागायचं नाही, रडायला यायचं. एक म्हातारे गृहस्थ रोज समोर बसायचे, त्यांनी सांगितलं एका कारकुनाचं अक्षर धर आणि महिनाभर तेवढंच वाच, तेव्हा कुठे डोळा बसला. तुला उर्दू शिकावी लागेल, आणि छापील उर्दू आली म्हणून हाताने लिहिलेलं शिकस्त वाचता येईल असं नाही. पण परभणीत उर्दू शाळा आहेत, एखाद्या सरांकडे संध्याकाळी तासभर जा, आजपासून. अॅडमिशनची वाट कशाला बघतेस? व्यापाऱ्यांच्या घरच्या वह्या मोडीत सापडतील, त्यासाठी मोडीही हवी, भारत इतिहास संशोधक मंडळाचे आणि पुराभिलेखवाल्यांचे वर्ग असतात.

तुझ्या गाईडना यातलं काय वाचता येतं ते विचार. त्यांना येत नसेल तरी चालेल, पण "त्याची काय गरज, दुय्यम साधनं आहेत की" असं म्हणाले तर चप्पल घालून निघ.

तुरीचं_वरण:
मोडीवाली ताई, तुमचं वाचून मी आईला उठवलं. आजोबांच्या लाल वह्या माळ्यावर आहेत म्हणे, लाकडी पेटीत, वाळवी लागली नसेल तर.

भाषेचं विचारायचं होतं. माझं सगळं शिक्षण मराठीत. थिसिस मराठीत लिहू का इंग्रजीत? हैदराबादला गेले तर इंग्रजीच लागेल ना?

एसटीचा_पास:
मराठीत. ज्या भाषेत विचार करतेस त्यातच लिही. इंग्रजीत लिहायला गेलेली आमची अर्धी पोरं दुसऱ्यांची वाक्यं जोडत बसतात आणि मग सॉफ्टवेअरमध्ये सिमिलॅरिटी ३५ टक्के येते. १० च्या आत असेल तर प्रश्न नाही, १० ते ४० मध्ये गेलं की सहा महिन्यांत सुधारून द्या.

रसायनी:
असहमत. इतिहासातलं मला कळत नाही, पण मराठीतला थिसिस हैदराबादचा माणूस वाचणार नाही आणि हिचा विषय अर्धा हैदराबादचा आहे.

मोडीवाली:
दोघांचं बरोबर आणि दोघांचं अर्धं. मी थिसिस मराठीत दिला, त्यातल्या एका प्रकरणाचा लेख इंग्रजीत लिहिला, तो लिहायला दीड वर्ष लागलं आणि पाच वेळा परत आला. आज मला लोक ओळखतात ते त्या लेखामुळे, आणि माझं मराठी नीट आहे ते थिसिसमुळे. हैदराबाद विद्यापीठात जायचं तर इंग्रजी लागेल, त्याला घाबरू नकोस, पण पहिल्या वर्षात मान खाली घालून मेहनत करावी लागेल हे धरून चाल.

आणि हो, पेपरवरून आठवलं. "दीड हजार भरा, आठ दिवसांत आयएसएसएन सकट छापतो" असे व्हॉट्सअॅप मेसेज तुलाही येत असतील. आयएसएसएन हा नियतकालिकाचा नुसता नंबर आहे, दर्जाचा शिक्का नाही. यूजीसीने २०२२ मध्ये थिसिसआधी पेपर छापायची सक्ती काढली (तुझ्या विद्यापीठाची वेगळी अट आहे का ते बघ), आणि केअरची (मान्य नियतकालिकांची) यादीही २०२५ मध्ये बंद केली, त्यामुळे आता ही दुकानं जोरात आहेत. तिथे छापलेलं नंतर बायोडेटातून काढताना लाज वाटते. मी काढलंय. दोन होते.

भुईमूग:
माझे अकरा आहेत 🙏 एपीआयच्या (भरती-बढतीच्या गुणांच्या) नादात.

खडू_फळा:
भुईमूग, तुमच्यासारख्यांना आम्हीच त्या नादाला लावलं. इंटरव्ह्यूला समोर बसून आम्ही पेपर मोजायचो, वाचायचो नाही.

तुरीचं_वरण:
तीन आठवड्यांनी अपडेट, कारण इथे लोक धागा काढून गायब होतात ते मला आवडत नाही.

१) सर ५८ चे निघाले, नोकरी दोन वर्षं राहिली. म्हणजे नियमाने मला घेऊच शकत नाहीत. त्यांना विचारलं तर म्हणाले, अगं नाव दुसऱ्यांच्या नावावर टाकू, काम मीच बघीन. मी "विचार करून सांगते" म्हणून आले.

२) टपरीवर गेले. चौथ्या वर्षाची एक ताई भेटली, दीड तास बोलली, त्यातलं निम्मं इथे लिहिता येणार नाही.

३) हैदराबादच्या एका प्राध्यापकांना मेल केला. आधीचा मसुदा "रिस्पेक्टेड सर, आय अॅम इंटरेस्टेड इन युवर एस्टीम्ड गायडन्स" असा होता, एसटीचा_पास दादांनी व्यनिमधून (खासगी मेसेजमधून) फाडून फेकायला लावला. मग त्यांचा एक लेख वाचला, त्यात सेलूचा उल्लेख एका ओळीत होता, त्यावरून एकच प्रश्न विचारला आणि आजोबांच्या वह्यांच्या दोन पानांचे फोटो जोडले. नवव्या दिवशी उत्तर आलं. जागेचं काहीच बोलले नाहीत, वह्या किती आहेत आणि कोणत्या सालच्या एवढंच विचारलंय.

४) सीएचबी हे सत्र संपेपर्यंत करतेय, जूनपासून नाही. नेटचा फॉर्म भरला. घरी सांगितलं की निकालापर्यंत स्थळ बघायचं नाही, बाबा गप्प बसले, आई म्हणाली निकाल कधी लागतो.

५) उर्दूचा क्लास सुरू. अलिफ बे पे पर्यंत पोचलेय.

मोडीवाली:
पेटीत वाळवी होती का ते सांगितलंच नाहीस!!

तुरीचं_वरण:
वरच्या तीन वह्यांना आहे, कडा खाल्ल्यात. खालच्या चौदा ठीक वाटतात. उन्हात ठेवू का?

मोडीवाली:
अजिबात नको!! ऊन नको, फडक्याने पुसणं नको, सेलोटेप तर स्वप्नातही नको. वाळवी लागलेल्या तीन वेगळ्या कर, पेटी बदल, सावलीत वारा लागेल अशा ठिकाणी आडव्या ठेव आणि प्रत्येक पानाचा फोटो काढ, बांधणी न ताणता. सुरुवात खाल्लेल्या तीनपासून.