होंडा सिटी झेडएक्स (२००७, आय-डीएसआय इंजिन, सीएनजी किट): ठेवावी का?

प्रश्न: सकाळी थंड इंजिन थरथरतं, पिकअप कमी. चार स्पार्क प्लग बदलले, फरक शून्य. काही जण म्हणतात इंजिन अमर आहे, काही म्हणतात विकून टाक.

प्रतिसाद १: या इंजिनात प्लग आठ असतात, एका सिलिंडरला दोन. मागच्या चारांपर्यंत हात पोचायला जागा कमी, म्हणून बरेच मेकॅनिक पुढचे बदलून मोकळे होतात. आधी ते मागचे काढून बघा.

मग टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारे भाग). हायड्रॉलिक (आपोआप जुळणारे) नाहीत, फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) इंजिन पूर्ण थंड असताना सेट करावे लागतात. सीएनजीवर एक्झॉस्ट व्हॉल्व्हची सीट (व्हॉल्व्ह टेकतो ती कडा) झिजते, टॅपेटचा गॅप वाढत नाही, उलट कमी होतो. त्यामुळे आवाज येत नाही आणि सगळ्यांना वाटतं ठीक आहे! व्हॉल्व्ह नीट बसत नाही, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) गळतं. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजा. एकाचंच बरंच कमी आलं तर हेड (इंजिनाचा वरचा, व्हॉल्व्ह असलेला भाग) उतरवणं आलं.

प्रतिसाद २: +१. टायमिंग चेन आहे, बेल्टचा खर्च नाही. पण इंजिन चांगलं म्हणजे गाडी चांगली असं नव्हे. लोअर आर्मचे बुश (सस्पेन्शनमधले रबर), इंजिन माउंटिंग, रेडिएटरच्या प्लास्टिक टाकीच्या कडा, पेट्रोलचे रबरी पाइप (ई-२०, म्हणजे २०% इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमुळे विशेष) तपासा.

प्रतिसाद ३: पंधरा वर्षं उलटलीत, आरटीओत नोंदणी नूतनीकरण झालंय ना? ते पाच वर्षांपुरतंच मिळतं, ग्रीन टॅक्स वेगळा. पत्रा खालून गंजला असेल तर हेडवर पैसे घालू नका.