आधी बायोप्सी, मग सुरी
‘एमआरआयमध्ये गाठ दिसली ना, मग काढून टाका, नाव काय ते नंतर कळेलच’ हे कण्यातल्या गाठींबद्दलचं मत मज्जारज्जूच्या आवरणाआतल्या श्वानोमासारख्या (मज्जातंतूच्या वेष्टनातून उगवणाऱ्या, बहुधा साध्या) गाठींना बऱ्यापैकी लागू पडतं. तिथे आधी बायोप्सी, म्हणजे गाठीचा छोटा नमुना काढून तपासणं, सहसा करतच नाहीत. पण गाठ माकडहाडाच्या वर, त्रिकास्थीत (कण्याच्या तळाच्या हाडात) मधोमध असेल आणि एमआरआयच्या टी-२ प्रकारच्या चित्रांत पांढरीफेक दिसत असेल, तर कॉर्डोमाची (कण्याच्या हाडातल्या एका दुर्मीळ कर्करोगाची) शंका घ्यायलाच हवी, आणि मग हा क्रम चालत नाही. कॉर्डोमा फोडून तुकड्यातुकड्याने काढला की पेशी जखमेत सांडतात आणि गाठ पुन्हा उगवते. ती अखंड, भोवतीच्या निरोगी थरासकट निघायला हवी.

म्हणून आधी सुईची बायोप्सी: सीटीत बघत, पाठीमागून, शक्यतो मध्यरेषेजवळून. सुईचा मार्गही पुढे गाठीबरोबर कापून काढायचा असतो, त्यामुळे ती कुठून घालायची हे शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जननेच ठरवावं. गाठ बोटाला लागते म्हणून गुदाशयातून सुई घालणं फार महागात पडतं. मग गुदाशयाचा तुकडाही काढायची वेळ येऊ शकते. नमुन्यावर ब्रॅक्युरीची (कॉर्डोमाच्या पेशींत सापडणाऱ्या प्रथिनाची) तपासणी झाली का, हे रिपोर्टात बघा. कॉन्ड्रोसार्कोमा (कूर्चेचा कर्करोग) सूक्ष्मदर्शकाखाली कॉर्डोमासारखा दिसून फसवतो, पण त्यात ब्रॅक्युरी सापडत नाही.

रेडिएशनचं म्हणाल तर कॉर्डोमाला साधारण ७० ग्रेच्या (ग्रे हे किरणांच्या मात्रेचं एकक) पुढचा डोस लागतो आणि मज्जारज्जू ५० च्या आसपासच सोसतो. गाठीपलीकडे फारसे न जाणाऱ्या प्रोटॉन किरणांचा विषय निघतो तो यामुळेच. नेहमीच्या केमोथेरपीवर मात्र फार भिस्त ठेवू नका.