‘कुसू’, ‘खाच’ आणि नुसता ‘बोर्ड’

राजारामपुरीतून :
भिंतभर कपाट करायचं आहे, खाली पुस्तकं आणि वर पाहुण्यांच्या गाद्या. मिस्त्रींनी एस्टिमेटमध्ये लिहिलंय, ‘१९ एमएम बोर्ड, वॉटरप्रूफ, कुसू करून पक्का सांधा.’ कुसू म्हणजे नेमकं काय? आणि बोर्ड म्हणजे प्लायच ना?

मंगळवार पेठेतून :
ताई, कुसू म्हणजे लाकडाच्या टोकाला काढलेली जीभ. ती दुसऱ्या लाकडातल्या खोबणीत ठोकून बसवायची. दाराची चौकट, पलंगाचा पाय, जुन्या वाड्यांतले खांब आणि तुळया, सगळीकडे हेच. ही जीभ तग धरते ती लाकडाच्या उभ्या रेषांवर, म्हणजे लांबीच्या दिशेनं जाणाऱ्या तंतूंवर, म्हणून हा शब्द अस्सल सागवानी कामातला. प्लायमध्ये पापुद्रे एकाआड एक उभे-आडवे चिकटवलेले असतात, त्यामुळे जिभेचा जवळजवळ निम्मा भाग आडव्या रेषांचा निघतो आणि तो चटकन तुटतो. पार्टिकल बोर्डाला (लाकडाचा चुरा डिंकात दाबून केलेली शीट) तर रेषाच नाहीत. तिथं कुसू काढायला गेलात तर हातात भुसा येईल.

मिस्त्रींना बहुतेक ‘खाच’ म्हणायचं असणार. उभ्या फळीत आडवी खाच पाडायची, पाचसहा एमएम खोल, तीत कप्प्याची फळी डिंक लावून बसवायची आणि बाहेरून स्क्रू. कप्प्याचं वजन मग खाचेच्या काठावर येतं, स्क्रूवर लोंबकळत नाही.

राजारामपुरीतून :
मग पताम म्हणजे काय? आमचे काका तोही शब्द वापरायचे.

मंगळवार पेठेतून :
पताम फळीच्या अगदी काठाला, पायरीसारखा, एक बाजू उघडी. खाच आतल्या अंगाला, दोन्हीकडून बंद. कपाटाची पाठ पतामात बसवतात. हल्ली पुष्कळजण दोन्हींना खाचच म्हणतात, त्यानं काही बिघडत नाही.

उद्यमनगरातून :
कुसू राहू दे, आधी ‘बोर्ड’चा निकाल लावा. दुकानात ब्लॉकबोर्डही बोर्ड, पार्टिकलही बोर्ड आणि एमडीएफही (लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेली शीट) बोर्डच! १९ एमएम लिहिलंय म्हणजे बहुधा ब्लॉकबोर्ड, पण बहुधावर पैसे मोजू नका. ब्लॉकबोर्डच्या पोटात लाकडी पट्ट्या असतात. त्या कप्प्याच्या लांबीच्या दिशेनं यायला पाहिजेत. शीट वाचवायला कुणी आडवा काप घेतला तर फळी लवकर लवते. पार्टिकल किंवा एमडीएफच्या काठात स्क्रू मारायचा तर आधी बारीक भोक पाडायलाच लागतंय, नाहीतर काठ फुटतो. आणि एकदा निघालेला स्क्रू त्याच भोकात परत धरत नाही.

शुक्रवार पेठेतून :
‘वॉटरप्रूफ’बद्दल. कोल्हापूरच्या २०१९ च्या पुरानंतर आमच्या गल्लीत पार्टिकल बोर्डाची कपाटं खालून पावासारखी फुगली होती. पण वॉटरप्रूफ प्लाय म्हणजे पाण्यात ठेवा असंही नव्हे. तो शब्द चिकटवणाऱ्या डिंकाबद्दल आहे, लाकडाबद्दल नाही. शीटवरचा शिक्का वाचा. एमआर म्हणजे दमट हवा सोसेल इतपत. बीडब्ल्यूआर म्हणजे उकळत्या पाण्याच्या चाचणीत टिकणारा डिंक. मरीन (सतत ओल सोसणारा प्लाय) म्हणत असतील तर शिक्क्यात आयएस ७१० हा मानक क्रमांक दिसायला हवा. पुस्तकांच्या कपाटाला मरीन कशाला? भिंतीला ओल असेल तर बीडब्ल्यूआर घ्या आणि कापलेल्या कडा पट्टीनं बंद करून घ्या, पाणी तिथूनच शिरतं. वरचा सनमायका (हे खरं तर कंपनीचं नाव, पण आपण सगळ्याच लॅमिनेटला तेच म्हणतो) कडा झाकत नाही.

उद्यमनगरातून :
पुस्तकांचा कप्पा किती लांब आहे, ताई?

राजारामपुरीतून :
तीन फूट.

उद्यमनगरातून :
मग सांध्यापेक्षा तेच बघा. फुटामागे वजन तेवढंच ठेवून तीनाचे दोन फूट केले, तर लवणं साधारण पाचव्या हिश्श्यावर येतं. एक उभी फळी जास्त लागेल, तेवढंच. लांबी कमी करायची नसेल तर २५ एमएम घ्या, ती १८ एमएमपेक्षा (प्लायची नेहमीची जाडी) अडीचपटीहून जास्त ताठ असते. गाद्यांच्या कप्प्याला यातलं काहीच लागत नाही.

राजारामपुरीतून :
नवीन ओळ अशी करून देते, ‘१८ एमएम बीडब्ल्यूआर प्लाय, कप्पे दोन फुटी, खाचेत बसवून डिंक आणि स्क्रू, कडांना पट्टी.’ चालेल?

मंगळवार पेठेतून :
पाठ राहिली. ‘सहा एमएम प्लाय, पतामात, चारी बाजूंनी डिंक आणि चुका (बारीक खिळे)’ असं घाला. पाठ नुसती टेकवली तर भरलेलं कपाट सरकवताना तिरकं होतंय, मग झडपा लागत नाहीत.