सल्ला हवा: तांडेलांकडून अ‍ॅप तपासून कसं घ्यावं?

जेट्टीवरचा: शेवटच्या वर्षाचा प्रकल्प. वारा, लाटा आणि मासळीचे पट्टे दाखवणारं अ‍ॅप केलंय, माहिती हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्र-माहिती संस्थेची. तांडेलांना, म्हणजे बोटीच्या कप्तानांना, ते वापरता येतं का, ते बघायचंय. प्रश्नावली देऊ की समोर बसून बघू? किती जण लागतील? बजेट २००० रुपये. १ जूनला मासेमारी बंदी लागते.

दापोलीकर७: आय ट्रॅकर भाड्याने घे. नजर नेमकी कुठे अडकते ते कळतं. आम्ही ऑफिसात वापरलाय, २००० विसर.

सुपारीबाग: एसयूएस दे, म्हणजे वापरायला किती सोपं ते मोजणारी प्रश्नावली. जॉन ब्रूकची, १९८६ची. १० विधानं, १०० पैकी गुण, ६८ म्हणजे सरासरी. फुकट.

खाडीकाठ: मी तीच हर्णैला वाटली होती. त्यात एकाआड एक विधान उलटं असतं. दोघातिघांनी भराभर सगळीकडे ५ वर, म्हणजे 'पूर्ण सहमत'वर, खूण केली. तसं केलं की गुण बरोबर ५० येतात, कळत काहीच नाही! मग एका काकांना म्हटलं, उद्याचा वारा बघा आणि मनात येईल ते बोलत राहा. बाणावर बोट ठेवून म्हणाले, "इथून येतोय." बोट टोकावर होतं. मी बाण काढला होता वारा जातो त्या दिशेला.

दापोलीकर७: आय ट्रॅकरमध्ये हेच दिसलं असतं.

खाडीकाठ: नजर दिसली असती, गैरसमज नाही.

नारळीपौर्णिमा: पाच जण पुरे. अ‍ॅप-वेबसाइटच्या चाचण्यांचे तज्ज्ञ जेकब नील्सन यांनी २००० सालीच लिहिलंय, ८५ टक्के अडचणी सापडतात.

सुरुबन: ते एका माणसाकडून ३१ टक्के सापडतात असं धरून. गट वेगळे असतील तर प्रत्येकी ३-४ घे. खलाशीही घे.

नारळीपौर्णिमा: खलाशाचा काय संबंध? कुठे जायचं ते तांडेल ठरवतो.

सुरुबन: आमच्या बोटीवर तांडेल सुकाणू धरतो, मोबाईल खलाशाच्या हातात.

सुपारीबाग: बंदीत जा. जाळी शिवत बसलेले असतात, निवांत बोलतात. आणि एसयूएस देच.

नारळीपौर्णिमा: +१, बंदीतच.

जेट्टीवरचा: सगळ्यांचे आभार. पण बंदीपर्यंत थांबत नाही. आज दुपारी मिरकरवाड्याला एका बोटीवर बसलो. ओल्या बोटाला स्क्रीन दाद देईना, उन्हात फिका निळा रंग दिसेना. पडवीत बसून हे कळलंच नसतं. उद्यापासून बोटीवरच, आठ जण, तांडेल-खलाशी जोडीने. एकमेकांशी बोलतील तेच वहीत उतरवीन. प्रश्नावली नाही. माझ्या अ‍ॅपमधलाही बाण आजच काढून टाकला. वाऱ्याला ते जे नाव घेतात तेच लिहिणार.