बेरोजगारी भत्त्याचा क्लेम अडकलाय, पगार शून्य दाखवतंय. तातडीने मदत हवी

रानजाई
मी अमेरिकेत आहे, लेऑफ होऊन अकरा दिवस झाले. अनएम्प्लॉयमेंटचा क्लेम त्याच आठवड्यात भरला होता. काल पत्र आलं, त्यात सगळ्या तिमाहींचा पगार शून्य आणि आठवड्याची रक्कमही शून्य! चार वर्षं एकाच कंपनीत होते, एका दिवसाचाही खंड नाही. डब्ल्यू-टू (कंपनीने दिलेला वर्षाच्या पगाराचा फॉर्म) समोर ठेवून सगळे आकडे भरलेत. कंपनीने माझा पगार कळवलाच नाही का? अपील करू की एचआरच्या मागे लागू? लवकर सांगा प्लीज, १ तारखेला भाडं द्यायचंय.

सदा_सनीवेल
माझा लेऑफ झाला तेव्हा इथे कॅलिफोर्नियात आठवड्याला ४५० डॉलर मिळाले. त्याच्या वर कितीही पगार असो, ४५०च. पहिल्या आठवड्याचे मिळत नाहीत. दर दोन आठवड्यांनी सर्टिफाय करा, म्हणजे अजून नोकरी नाही आणि कामाला तयार आहे असं ऑनलाइन कळवा.

रानजाई
मी कॅलिफोर्नियात नाही हो. रक्कम किती ते विचारत नाहीये, शून्य का आलं ते विचारतेय.

अण्णा_डॅलस
हे बेस पीरियडचं, म्हणजे कुठल्या तिमाहींचा पगार मोजतात त्याचं प्रकरण आहे. क्लेम ज्या तिमाहीत भरता ती सोडायची, तिच्या आधीच्या पाच पूर्ण तिमाही घ्यायच्या आणि त्यातल्या पहिल्या चारच मोजायच्या. म्हणजे अगदी अलीकडचा पगार हिशेबातच येत नाही. माझ्या मेहुण्याचं हेच झालं होतं. पर्यायी बेस पीरियड मागा, त्यात अलीकडच्या तिमाही धरतात.

हडसनकाठी
अण्णा, चार वर्षं सलग नोकरी असेल तर कुठलाही बेस पीरियड लावा, शून्य येणार नाही. रानजाई, राज्य कुठलं ते आधी सांगा. कायदा १९३५ पासून देशभर असला तरी चालवतं ज्याचं त्याचं राज्य, आणि नियम इतके वेगळे की फ्लोरिडात २७५ डॉलरवर १२ आठवडे मिळतात, तर दुसरीकडे २६ आठवडे.

रानजाई
सॉरी, जर्सी सिटी. न्यू जर्सीचा क्लेम भरलाय.

हडसनकाठी
आणि ऑफिस?

रानजाई
न्यूयॉर्कला, मॅनहॅटनमध्ये. पाथ ट्रेनने जायचे. शेवटचं वर्षभर सोमवार आणि शुक्रवार असे दोन दिवस घरून. पण त्याचा काय संबंध? राहते तिथेच भरायचा ना?

हडसनकाठी
नाही! सगळी गडबड तिथेच आहे. क्लेम राहता त्या राज्यात नाही, काम करत होतात त्या राज्यात भरायचा. कंपनीने तुमचा पगार न्यूयॉर्कला कळवलाय, मग न्यू जर्सीच्या नोंदीत तो दिसणार कसा? पे-स्टब (पगाराची पावती) काढा. न्यू जर्सीत अनएम्प्लॉयमेंटसाठी कामगाराच्या पगारातूनही थोडे पैसे कापतात, तशी ओळ दिसेल. न्यूयॉर्कमध्ये ते फक्त मालक भरतो. तुमच्या स्टबवर न्यूयॉर्कची डिसॅबिलिटी आणि फॅमिली लीव्ह एवढीच कपात असेल, तर आजच्या आज न्यूयॉर्कला भरा. उशीर केलात तर तेवढे आठवडे हातचे जातात. मीही हीच चूक केली होती, तीन आठवडे गेले. ते परत मिळवायला केवढी पत्रापत्री करावी लागली ते माझं मलाच माहीत.

अण्णा_डॅलस
पण दोन दिवस घरून काम म्हणजे जर्सीतलंच काम झालं की. तरी मी म्हणेन पर्यायी बेस पीरियड मागून बघा.

हडसनकाठी
काम दोन राज्यांत विभागलेलं असेल तर मुख्य ठिकाण कुठलं ते पाहतात. तीन दिवस मॅनहॅटनला आणि ऑफिसही तिथेच, म्हणजे न्यूयॉर्क. अण्णा, तुमचा उपाय चांगला आहे, पण या दुखण्यावरचा नाही.

मेरीलँडची_माई
बाळ, व्हिसावर असशील तर या पैशांना हातसुद्धा लावू नकोस. सरकारी मदत घेतली की ग्रीन कार्ड अडतं. आमच्या ओळखीत सगळे हेच सांगतात.

वकिली_नाही_अनुभव
माई, ही भीती घालू नका. हा विमा आहे, तुमच्या नोकरीवर मालकाने भरलेला. ग्रीन कार्ड देताना 'पब्लिक चार्ज' म्हणजे सरकारवर भार आहे का ते बघतात, त्यात तो धरत नाहीत. अडचण वेगळी आहे. एचवनबी व्हिसावाल्याला कुठल्याही मालकाकडे लगेच काम करायची मोकळीक नसते, म्हणून 'कामासाठी उपलब्ध' ही अट साधारणपणे तिथे बसत नाही. नोकरी गेल्यावर देशात राहायला त्यांच्या डोक्यावर ६० दिवसांची मुदतही असते. रानजाई, तुमचं स्टेटस काय?

रानजाई
आय-४८५ (ग्रीन कार्डचा अर्ज) पेंडिंग, त्यावरचं ईएडी म्हणजे काम करायचा परवाना आहे. २०२८ पर्यंत.

वकिली_नाही_अनुभव
मग निश्चिंत भरा.

पिंपरीचा_फिटर
आपल्याकडे भारतातही ही सोय आहे, लोकांना ठाऊक नाही म्हणून लिहितो. ईएसआयसीची (कर्मचारी राज्य विमा महामंडळाची) अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना, १ जुलै २०१८ पासून. नोकरी गेल्यावर ३० दिवसांनी अर्ज करता येतो, सरासरी रोजच्या कमाईच्या ५० टक्के, जास्तीत जास्त ९० दिवस, तेही आयुष्यात एकदाच. विम्यातली किमान दोन वर्षांची नोकरी लागते. माझे पैसे गेले, कारण कंपनीने गोड बोलून राजीनामा लिहून घेतला. स्वतः सोडली म्हटलं की हक्क संपला. पोरांनो, काढायचंच असेल तर काढू दे, पण राजीनाम्यावर सही करू नका.

कोथरूडची_लेक
फिटरदादा, माझा भाऊ चाकणला आहे, त्याच्याकडून आजच सही मागितलीय. महिना २४ हजार पगारावर हे मिळतं का?

पिंपरीचा_फिटर
ईएसआय २१ हजारांपर्यंतच. पण सही नको म्हणावं! पुढे नुकसानभरपाई मागायची तर तोच कागद आडवा येतो. वेगळा धागा काढा, सविस्तर लिहितो.

सदा_सनीवेल
रानजाई, कोब्रा (जुन्या कंपनीचाच आरोग्य विमा स्वतःच्या पैशांनी चालू ठेवणं) घेऊ नका, फार महाग. सरकारी विमा मार्केटप्लेसवर बघा, नवा विमा घ्यायला ६० दिवस असतात.

रानजाई
विमा नवऱ्याकडून आहे. हडसनकाठी, स्टब बघितला, तुम्ही म्हणता तसंच आहे! न्यूयॉर्कचा क्लेम आत्ता भरला. त्यात सेव्हरन्स (काढताना कंपनी देते ती रक्कम) विचारलंय, मला आठ आठवड्यांचं मिळणार आहे. लिहिलं तर कापतील का?

हडसनकाठी
लिहायचंच. लपवलंत तर वसुली आणि दंड. सेव्हरन्सची पहिली रक्कम नोकरीच्या शेवटच्या दिवसापासून ३० दिवसांच्या आत मिळाली आणि आठवड्याचा हिशेब कमाल भत्त्याहून जास्त निघाला, तर ते आठवडे भत्ता नाही. ऑक्टोबर २०२५ पासून कमाल रक्कम ८६९ डॉलर आहे. ३० दिवसांनंतर मिळाली तर आड येत नाही. तारीख एचआरकडून लेखी घ्या. आणि फेडरल टॅक्सचे १० टक्के आत्ताच कापायला सांगा, नाहीतर एप्रिलमध्ये एकदम भरावे लागतील.

रानजाई
खूप खूप आभार. शेवटचं एक. शुक्रवारी पुण्याला निघतेय, बाबांचं बायपास आहे, तीन आठवडे. दर रविवारी तिथून सर्टिफाय केलं तर चालेल ना? लॅपटॉप नेतेय.

हडसनकाठी
अहो नको! हे आधी का नाही सांगितलंत? भारतात आहात ते आठवडे तुम्ही कामासाठी उपलब्ध नाही, त्यांचा भत्ता नाही. तिथून लॉगिनही करू नका.

वकिली_नाही_अनुभव
आणि नवऱ्यालाही तुमच्या वतीने इथून बटण दाबायला सांगू नका. तोही खोटा दावाच ठरतो. परत आल्यावर क्लेम पुन्हा चालू करता येतो. ईएडीवर जाताय तर ॲडव्हान्स परोल (बाहेर जाऊन परत यायचा परवाना) हातात आहे ना? तो नसताना देश सोडलात तर आय-४८५च धोक्यात येईल.

रानजाई
ईएडी आणि परोल एकत्र असलेलं कॉम्बो कार्ड आहे, तपासते. तीन आठवडे गेले तर गेले, बाबांकडे जायचंच आहे.

मेरीलँडची_माई
जा बाळ. ऑपरेशन कुठल्या दिवशी आहे? माझी बहीण डेक्कनला राहते, डबा पोचवेल.