संधिवाताचं बायोलॉजिक इंजेक्शन चालू असताना आतड्यात हिस्टोप्लाझ्मा (एक बुरशी) निघाला, कुणी यातून गेलंय का? मदत हवी आहे

पंचगंगाकाठ:
नमस्कार मंडळी, मी कोल्हापूरचा, राजारामपुरीत राहतो. पहिल्यांदाच लिहितोय, लांबलं तर सांभाळून घ्या.

माझी मोठी बहीण, वय 41. तिला 2016 पासून संधिवात आहे, तो रुमॅटॉइडवाला. आधी मेथोट्रेक्सेट आणि थोडं स्टेरॉइड, त्यावर पाच-सहा वर्षं बरी चालली, मग मनगटं आणि बोटं एवढी सुजायला लागली की कणीक मळता येईना. म्हणून गेल्या दिवाळीपासून ॲडालिमुमॅबचं बायोलॉजिक इंजेक्शन, दर 14 दिवसांनी एक. सुरू करायच्या आधी छातीचा एक्स-रे, टीबीची रक्ततपासणी सगळं झालेलं आणि नॉर्मल होतं. इंजेक्शनने खरंच फरक पडला, ताई परत शाळेत शिकवायला जायला लागली.

मे महिन्यात गावी गेली होती, आमचं घर गगनबावड्याच्या बाजूला. पावसाआधी शाकारणी काढली होती म्हणून माळा झाडून घेतला, तिथं वर्षानुवर्षं वटवाघळं असतात, घाण टोपल्यांनी निघाली. ताईनं तोंडाला नुसता पदर बांधला होता. तेव्हा कुणाच्या डोक्यातही काही आलं नाही.

जुलैपासून संध्याकाळचा ताप, भूक नाही, उजव्या बाजूला पोट दुखणं, दिवसातून सहा-सात वेळा जुलाब. वजन 58 वरून 44. कोलोनोस्कोपीत लहान आतडं मोठ्या आतड्याला मिळतं तिथं अल्सर दिसले, बायोप्सीत ग्रॅन्युलोमा, म्हणजे सुजेच्या पेशींचे बारीक पुंजके. आपल्याकडं ग्रॅन्युलोमा म्हटलं की पहिला टीबीच, आणि इंजेक्शनमुळं टीबी उठतो हे तर आम्हालाही सांगितलं होतं, म्हणून इंजेक्शन बंद करून एकेटी (टीबीची औषधं) सुरू केली. अडीच महिने झाले तरी ताप हटेना, उलट तोंडात जिभेच्या कडेला जखम झाली. मग दुसऱ्या डॉक्टरांनी जुनेच बायोप्सीचे ब्लॉक मागवून घेतले आणि फंगसचे स्टेन (बुरशी दिसावी म्हणून तुकड्याला लावतात ते रंग) करायला सांगितले. त्यात निघालं, हिस्टोप्लाझ्मा. जिभेच्या जखमेच्या तुकड्यातही तेच. पहिल्यांदाच ते स्टेन का केले नाहीत हा विचार रात्री झोपू देत नाही, पण आता त्यात अडकून उपयोग नाही.

आता ॲडमिट आहे, लिपोसोमल ॲम्फोटेरिसिन या बुरशीवरच्या इंजेक्शनचा आज सहावा दिवस. 14 दिवस देऊन मग बुरशीवरच्याच इट्राकोनॅझोलच्या गोळ्या किमान एक वर्ष असं सांगितलंय. ताप चौथ्या दिवशी उतरला.

माझे प्रश्न असे की एकतर सांधे परत धरायला लागलेत, सकाळी दोन तास बोटं मिटत नाहीत, मेथोट्रेक्सेट पण बंद आहे, अशा वेळी लोकांनी काय केलं? दुसरं, इट्राकोनॅझोल घेताना काय सांभाळायचं? आणि तिसरं, आई म्हणते मीच माळा झाडायला लावला, आणि घरात ताईचं ताट-वाटी वेगळं ठेवलंय, हा रोग पसरतो का? आईला काय सांगू?

मिरजेची_माई:
भाऊ, तिसऱ्याचं आधी सांगते. हा रोग माणसापासून माणसाला होत नाही. ताट वेगळं ठेवायची अजिबात गरज नाही, उलट ताईच्या मनाला किती लागत असेल. बुरशी मातीत, वटवाघळांच्या आणि पक्ष्यांच्या विष्ठेत वाढते, धूळ उडाली की श्वासातून आत जाते. म्हणजे आतड्यात दिसली तरी शिरते बहुतेक फुप्फुसातूनच आणि मग पेशींवर बसून अंगभर फिरते. आईंना सांगा, तो माळा घरातल्या सगळ्यांनीच झाडला असेल, बाकीच्यांना काही झालं नाही. बऱ्याच निरोगी लोकांना नुसती सर्दीसारखं होऊन जातं. आणि जुनं शरीरात दबून राहिलेलं पण उठू शकतं, त्यामुळं याच मे महिन्यात शिरलं असं कुणी छातीठोक सांगू शकत नाही.

मी 22 वर्षं पॅथॉलॉजीत टेक्निशियन होते. नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या स्टेनमध्ये हे यीस्ट सुटून जाऊ शकतं, 2 ते 4 मायक्रॉनचं असतं आणि मॅक्रोफेज पेशीच्या आत लपलेलं. पीएएस स्टेन केला की गडद गुलाबी आणि चांदीचा जीएमएस केला की काळे ठिपके उठून दिसतात. कल्चरला लावलं तर चार-सहा आठवडे पण लागतात. 1905 मध्ये पनामात डॉ. डार्लिंगनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांना पण हा बुरशी नाही, एकपेशीय परजीवी वाटला होता. म्हणून ज्यांच्या घरी कुणी टीएनएफच्या (ॲडालिमुमॅबसारख्या) इंजेक्शनवर आहे आणि ग्रॅन्युलोमाचा रिपोर्ट आलाय त्यांनी फंगल स्टेन झालाय का एवढं विचारा. अमेरिकेच्या एफडीएनं या इंजेक्शनांच्या माहितीपत्रकात हिस्टोप्लाझ्माचा ठळक इशारा 2008 मध्येच घालायला लावला, कारण हेच, निदान उशिरा होऊन माणसं गेली होती.

उसाचा_मळा:
दादा धीर धरा, आमच्या घरात पण आतड्याचा फंगस झालेला, पण वेगळा. माझा मेहुणा, शेतकरी, 34 वय, त्याला कुठला वात नाही की शुगर नाही. पोटात गाठ लागली, सगळे कॅन्सर धरून बसले, ऑपरेशन करून आतड्याचा तुकडा काढला आणि रिपोर्टला बेसिडिओबोलस आला. बेडूक-पालीच्या पोटात आणि कुजलेल्या पाल्यात असतो म्हणे. त्याच्या रक्तात इओसिनोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) लई वाढलेले, ती खूण होती, नंतर कळलं. त्याला पण इट्राकोनॅझोलच दिलं, वर्षभर घेतलं, आता ऊस तोडायला उभा राहतोय. तुमच्या ताईचं वेगळं आहे पण गोळी तीच, म्हणून सांगतो, कॅप्सूल पोटभर जेवणावरच घ्यायची आणि ॲसिडिटीची गोळी बरोबर नको, पोटात आम्ल नसलं तर ती कॅप्सूल अंगी लागत नाही. मेहुण्याला पँटोप्राझोल चालू होतं, कुणाच्या लक्षातच नाही, रक्तातली पातळी केली तेव्हा कळलं की औषध जवळपास चढलंच नाही. सिरप मिळालं तर त्याचं उलटं आहे, ते उपाशीपोटी.

घाटावरची:
पंचगंगाकाठ, एकेटी कधी बंद केली? हे महत्त्वाचं आहे. एकेटीतलं रिफॅम्पिसिन लिव्हरला असं काही कामाला लावतं की इट्राकोनॅझोल रक्तात टिकतच नाही, आणि गोळी थांबवल्यावरही साधारण दोन आठवडे तो परिणाम राहतो. डॉक्टरांना तारीख परत एकदा आठवण करून द्या. आणि स्टेरॉइडचं पण तसंच, रिफॅम्पिसिननं प्रेडनिसोलोन कमी पडतं, त्यामुळं एकेटी चालू असताना सांधे जास्त दुखले असतील तर त्याचं कारण ते पण असू शकतं.

मला ल्युपस आहे, 12 वर्षं स्टेरॉइडवर आहे, म्हणून कळकळीनं सांगते, सांधे दुखतात म्हणून कुणी मनानं स्टेरॉइड वाढवू नका आणि फंगस आहे म्हणून एकदम बंद पण करू नका. इतकी वर्षं घेतल्यावर आपली ॲड्रिनल ग्रंथी झोपलेली असते, अचानक सोडलं तर बीपी पडतं. त्यात हिस्टोप्लाझ्मा त्या ग्रंथीवर पण बसतो. सकाळचं कॉर्टिसोल (त्या ग्रंथीचं हार्मोन) आणि पोटाच्या सीटीत ॲड्रिनल बघितलंय का विचारा. मनगटाला सांध्याचं इंजेक्शन किंवा इट्राकोनॅझोल चालू असताना मिथाइलप्रेडनिसोलोन कुणी सुचवलं तर आधी दोन्ही डॉक्टरांना एकमेकांशी बोलू द्या, इट्राकोनॅझोलमुळं ते शरीरात साठत जातं.

मिरजेची_माई:
ॲम्फोटेरिसिन चालू आहे तोवर क्रिएटिनिन, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम वरचेवर होतंय ना ते बघा. पायात गोळे आले किंवा लघवी कमी झाली तर लगेच नर्सला सांगा. खर्चाचं, हॉस्पिटलात आरोग्यमित्र बसतो त्याला जाऊन भेटा, महात्मा फुले योजनेत काय बसतं ते तोच सांगेल, डिस्चार्जच्या आधी भेटा, नंतर फार धावपळ होते.

पंचगंगाकाठ:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री वाचलं आणि सकाळी राउंडला कागदावर लिहूनच गेलो. एकेटी बंद होऊन आज 11 दिवस झाले, म्हणजे ॲम्फोटेरिसिनचा कोर्स संपेस्तोवर दोन आठवडे होऊन जातात, डॉक्टर म्हणाले तसं धरूनच चाललोय. गोळी सुरू झाल्यावर दोन आठवड्यांनी रक्तातली पातळी करणार. उसाचा मळा दादांनी सांगितलेलं पँटोप्राझोल ताईला खरंच चालू होतं, गोळी सुरू व्हायच्या आधी ते काढणार आहेत. सीटीत डावी ॲड्रिनल थोडी मोठी लिहिलीय, ते रिपोर्टात होतं पण आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, कॉर्टिसोल आज सकाळी आठला घेतलं. पोटॅशियम कमी, 3.1 आलं, सलाईनमधून देतायत.

सांध्यांसाठी सध्या प्रेडनिसोलोन 7.5 मिलिग्रॅमवर ठेवलंय, पुढचं संधिवाताचे डॉक्टर आणि हे दोघं बोलून ठरवणार. बायोलॉजिक परत कधी द्यायचं, देता येईल का, यावर अजून कुणी स्पष्ट बोलत नाही. इथं कुणी हिस्टोप्लाझ्माचा कोर्स पूर्ण करून परत एखाद्या इंजेक्शनवर गेलं असेल तर प्लीज सांगा, कुठलं दिलं आणि किती महिन्यांनी, ताई रोज तेच विचारते.

आईला ताटाचं सांगितलं. काही बोलली नाही, पण दुपारी डबा घेऊन आली तेव्हा ताईच्या ताटातच जेवली. ताईनं आज दीड वाटी आमटी-भात खाल्ला.