तळघर कोरडं आहे, मग खर्च कशाला?

नमस्कार मंडळी,

लीड्समधलं आमचं घर व्हिक्टोरियन काळातलं, विटांचं, रांगेतलं. खाली तळघर: दगडी फरशी, रस्त्याकडून कोळसा ओतायचं जुनं भोक. सहा वर्षांत थेंबभर पाणी पाहिलं नाही. आई-बाबा उन्हाळ्यात येतात, त्यांच्यासाठी तिथे खोली काढायची आहे. बिल्डर म्हणतो, प्लास्टरबोर्ड मारू, खाली लॅमिनेट टाकू, तीन आठवड्यांत काम फत्ते. कुणी केलंय का असं?

– नि.

नि., थांब रे!

ब्रॅडफर्डला आम्ही नेमकं हेच केलं. तळघर कोरडं होतं ते वारा खेळता होता म्हणून. भोवतालच्या मातीतली ओल भिंतीतून येतच असते, फक्त जाळीच्या विटांमधून हवा फिरते तोवर ती वाळत राहते. आम्ही थंडी वाजते म्हणून जाळ्या बुजवल्या, बोर्ड मारले, रेडिएटर लावला. दुसऱ्या हिवाळ्यात कपाट सरकवलं तर मागे काळी बुरशी, आणि वास असा की कोकणातलं बंद घर गणपतीला उघडल्यासारखा. सगळं उखडलं.

आधी जाड प्लास्टिकचा तुकडा भिंतीला चारी बाजूंनी पक्का चिकटव. दोन दिवसांनी बघ. दव खोलीच्या बाजूला असेल तर ते हवेतलं, प्लास्टिकच्या मागे असेल तर भिंतीतलं.

– ताई

ताई, बिल्डर आता भिंतीत केमिकलचं इंजेक्शन मारू म्हणतोय.

– नि.

ते खालून वर चढणाऱ्या ओलीसाठी. तळघरात ओल आडवी येते, पलीकडे मातीच आहे ना! दुसऱ्या खेपेला आम्ही भिंतीला पुटकुळ्यांचं मेंब्रेन, म्हणजे उंचवटे असलेला प्लास्टिकचा पडदा, लावलं. पाणी अडवायचं नाही, त्याला मागून खाली वाट द्यायची, फरशीकडेच्या पन्हळीतून खड्ड्यात, तिथून पंपाने बाहेर. पंपाला बॅटरी हवीच, वीज जाते तीही वादळातच. आणि दरवर्षी सर्व्हिसिंग. कोटेशनमध्ये 'बीएस ८१०२, ग्रेड ३' लिहून घे; जमिनीखालच्या बांधकामात ओल रोखायचं हे ब्रिटिश मानक, राहत्या खोलीला तीच पातळी लागते. कौन्सिलच्या बिल्डिंग कंट्रोलला, म्हणजे बांधकाम तपासणाऱ्या खात्याला, आधीच कळव, आगीत बाहेर पडायची वाट ते विचारतातच. छत बुटकं म्हणून फरशी खणणार असशील तर शेजाऱ्यांना पार्टी वॉलची, म्हणजे सामाईक भिंतीची, नोटीस.

आणि आईंचे गुडघे? त्या जिन्याचं काय?

– ताई

ताई, दोन दिवस झाले. प्लास्टिकच्या मागे थेंब आहेत. बिल्डरला तूर्त थांबवलंय. आई म्हणते, मला वरच्या सोफ्यावर चालेल.

– नि.